या कमिटमध्ये नेमक्या कोणत्या फायली बदलल्या?

दोनेक वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली गोष्ट. द्राक्षांचा सीझन फुल जोरात, आणि पिंपळगाव बसवंतकडच्या एका पॅकहाउससाठी आम्ही लेबल छापायचं छोटं सॉफ्टवेअर केलेलं. म्हणजे पेटीवर चिकटवायचं लेबल, त्यावर शेतकऱ्याचा कोड, प्लॉट, वजन, तारीख वगैरे. कोडचा इतिहास आम्ही गिट नावाच्या टूलमध्ये ठेवतो, त्यात काम जतन केलं की त्या एका नोंदीला कमिट म्हणतात. सर्व्हर म्हणजे साधं शेअर्ड होस्टिंग, त्यामुळे अपडेट द्यायचं म्हणजे काय तर बदललेल्या फायली एफटीपीने वर चढवायच्या, बास. हसू नका, कितीतरी छोटी ऑफिसं अजून असंच काम करतात. तर त्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडच्या नव्या पोराने अपडेट चढवलं आणि घरी गेला, आणि रात्री साडेनऊला मला पॅकहाउसवरून फोन, "सर, लेबलचं पान कोरं येतंय, कंटेनर दारात उभाय." मी गंगापूर रोडवरून गाडी वळवली, ऑफिस उघडलं, पोराला फोन लावला. तो म्हणे, "दादा, मी गिटलाच विचारलं ना शेवटच्या कमिटमध्ये काय काय बदललंय, त्याने दोन फायली दाखवल्या, त्या दोन्ही चढवल्या."

बदललेल्या फायली होत्या चौदा.

पोरगं खोटं बोलत नव्हतं, आणि गिटही खोटं बोललं नव्हतं, हीच तर गंमत. विचारलेला प्रश्न अर्धा होता. आणि हा अर्धा प्रश्न मी स्वतः कित्येक वर्षं विचारत आलोय, उत्तर नशिबाने बरोबर यायचं एवढंच.

आधी एक सांगून ठेवतो. कमांड मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिणारे, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या हे उघड आहे. डॅश जिथे जेवढे दिलेत तिथे तेवढेच. आणि एकच अक्षर असेल तर छोटं की मोठं हे मी सांगेन, कारण गिटमध्ये छोटा एम आणि मोठा एम हे दोन वेगळेच प्राणी आहेत.

आता मूळ गोष्ट. बहुतेकांच्या डोक्यात कमिटचं चित्र असं असतं की कमिट म्हणजे एक पाकीट, त्यात "या फाइलमध्ये ही ओळ घातली, त्या फाइलमधून ती ओळ काढली" अशा चिठ्ठ्या. मग बदललेल्या फायलींची यादी पाहिजे तर पाकीट उघडा आणि वाचा, हाय काय अन् नाय काय. पण गिटच्या कमिटमध्ये अशा चिठ्ठ्या नसतातच. कमिटमध्ये असतो फोटो. त्या क्षणी अख्खा प्रोजेक्ट कसा दिसत होता त्याचा पूर्ण फोटो, बदललेल्या फायली आणि न बदललेल्याही.

पावसाळ्यात आपण नाशिककर गोदावरीला किती पाणी आलंय हे कसं विचारतो? "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरवाले छापतात, पण आपल्याला कळतं ते मारुतीच्या कमरेला, छातीला, गळ्याला. आता समजा तुम्ही रोज संध्याकाळी रामकुंडावर जाऊन त्याच जागेवरून एक फोटो काढताय. आजच्या फोटोत पाणी छातीला दिसतंय. या फोटोवर कुठे "पाणी दोन फूट वाढलं" असं लिहिलेलं असतं का? नाही. वाढलं की उतरलं हे कालचा फोटो शेजारी धरल्यावर कळतं. कालच्या फोटोत गुडघ्याला असेल तर वाढलं, गळ्याला असेल तर उतरलं. फोटो तोच, उत्तरं दोन.

कमिटचं अगदी तसंच आहे. "या कमिटमध्ये काय बदललं" याचं उत्तर कमिटमध्ये लिहून ठेवलेलं नसतं, तुम्ही विचारता तेव्हा गिट दोन फोटो शेजारी ठेवून ते काढतं. म्हणजे प्रश्नाचा लपलेला अर्धा भाग असा की बदललं ते कशाच्या तुलनेत? आपण तो बोलत नाही आणि गिट आपल्या वतीने काहीतरी धरून चालतं. बहुतेक वेळा ते बरोबर धरतं. नाही धरत तेव्हा कंटेनर दारात उभा राहतो.

खात्री करायची असेल तर कुठल्याही रेपोमध्ये, म्हणजे गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टमध्ये, हे करून बघा:

गिट कॅट-फाइल -पी हेड

(पी छोटा. हेड म्हणजे तुम्ही आत्ता ज्या कमिटवर आहात तो.) चार-पाच ओळी येतील. एक ट्री, म्हणजे फोटोचा नंबर. एक पॅरेंट, म्हणजे आधीच्या कमिटचा नंबर, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिल्यासारखा. मग ऑथर, कमिटर, आणि खाली तुमचा मेसेज. झालं, एवढंच. बदललेल्या फायलींची यादी कुठेच नाही.

इथे दरवेळी कोणीतरी विचारतंच की दर कमिटला पूर्ण फोटो म्हणजे डिस्क भरून जाईल की. नाही भरत. गिट प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक हॅश काढतं, चाळीस अक्षरी, आणि मजकूर त्या नावाने ठेवतं. मजकूर तोच तर हॅश तोच, मग दुसरी प्रत ठेवायचं कारणच नाही, नवा फोटो जुन्याच प्रतीकडे बोट दाखवतो. फोल्डरचंही तसंच, फोल्डरला त्याच्या आतल्या सगळ्या नावांवरून आणि हॅशवरून स्वतःचा एक हॅश मिळतो. जुन्या नाशकातला एखादा मोठा वाडा डोळ्यासमोर आणा, चौक, सोपे, माजघर, वरचे मजले, आणि प्रत्येक खोलीच्या दाराला सील, आणि खोल्यांच्या सीलवरून बनलेलं मुख्य दरवाजाचं सील. दोन दिवसांची तपासणी करायची तर आधी मुख्य दरवाजाचं सील जुळवा. जुळलं? मग आत जायचीच गरज नाही, काहीच हललेलं नाही. नाही जुळलं तर आत जा, ज्या खोलीचं सील वेगळं फक्त तीच उघडा. म्हणून हजारो फायलींच्या प्रोजेक्टमध्येही गिट यादी चुटकीसरशी देतं. लायनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये हे सुरू केलं तेच मुळी लिनक्स कर्नलसाठी, बिटकीपर नावाचं जे टूल ते वापरत होते त्याचं फुकटचं लायसन्स बंद झालं म्हणून, आणि कर्नलच्या आकाराला स्लो टूल परवडणारं नव्हतं.

आता कमांड. रोजच्या कामाला ही पुरते:

गिट शो --नेम-ओन्ली <हॅश>

हॅशच्या जागी त्या कमिटचा नंबर टाकायचा. वर ऑथर, तारीख, मेसेज येतो आणि खाली फायलींची नावं. वरचं बाड नको असेल, नुसती नावं हवी असतील, तर --फॉरमॅट= असं लिहायचं, बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही, रिकामं. विचित्र दिसतं पण चालतं.

मी स्वतः मात्र नेम-ओन्ली सोडून दिलंय, त्याऐवजी --नेम-स्टेटस वापरतो, कारण त्यात नावाच्या आधी एक अक्षर येतं. ए म्हणजे नवीन आली, एम म्हणजे बदलली, डी म्हणजे उडवली, आर म्हणजे नाव किंवा जागा बदलली. एका अक्षराने किती फरक पडतो ते पुढे रिनेमच्या भानगडीत कळेल. तिसरा प्रकार --स्टॅट, त्यात प्रत्येक फाइलपुढे किती ओळी आल्या-गेल्या याचे अधिक-उणे चिन्हांचे पट्टे येतात, डोळ्यांनी बघायला छान, पण स्क्रिप्टमध्ये वापरू नका, कारण लांब पाथ असेल तर तो पुढून तीन टिंबं टाकून छाटतो आणि मग तुमची स्क्रिप्ट त्या टिंबांच्या नावाची फाइल शोधत बसते.

आणि स्क्रिप्टसाठीची खास कमांड ही:

गिट डिफ-ट्री --नो-कमिट-आयडी --नेम-ओन्ली -आर <हॅश>

गिटवाले स्वतःच्या कमांडचे दोन गट करतात, पोर्सेलिन आणि प्लंबिंग. बाथरूममधलं चकचकीत बेसिन ते पोर्सेलिन, आणि भिंतीतले पाइप ते प्लंबिंग. शो, लॉग, स्टेटस ही बेसिनं, माणसासाठी, त्यांचा चेहरामोहरा तुमच्या सेटिंगप्रमाणे किंवा नव्या व्हर्जनमध्ये बदलू शकतो. डिफ-ट्री हा पाइप, तो दिसायला ओबडधोबड पण त्याचं आउटपुट सहसा बदलत नाही. यातला छोटा आर विसरू नका हां, तो नसला तर डिफ-ट्री वाड्याच्या मुख्य दारातूनच परत येतो आणि "अमुक फोल्डर बदललाय" एवढंच सांगतो, आत कुठली फाइल ते नाही. मी पहिल्यांदा वापरली तेव्हा तासभर डोकं आपटलं होतं या एका अक्षरापायी.

एक गैरसमज इथेच संपवू. गिट एलएस-ट्री नावाची कमांड आहे, नावावरून वाटतं हीच पाहिजे, आणि ती खरोखर फायलींची यादी देते, पण ती फोटोत दिसणारं *सगळं* सांगते, बदललेलं नाही. एका मित्राने ती वापरली आणि म्हणाला, "अरे, मी एक स्पेलिंग सुधारलं आणि गिट म्हणतंय नऊशे फायली बदलल्या." गिट तसं म्हणतच नव्हतं.

आता "कशाच्या तुलनेत" कडे परत. साध्या कमिटला एक पॅरेंट असतो, गिट त्याच्याशी ताडून बघतं, यादी बरोबर येते. घोळ होतो तो जिथे पॅरेंट एकच नसतो तिथे. म्हणजे एकतर पॅरेंटच नाही, नाहीतर दोन-दोन आहेत.

पॅरेंट नसलेला म्हणजे रेपोतला सगळ्यात पहिला कमिट. पहिल्या दिवशीचा फोटो, आदल्या दिवशीचा नाहीच. गिट शो इथे समजूतदारपणा दाखवतं, रिकाम्या फोटोशी तुलना करून सगळ्या फायली नवीन म्हणून दाखवतं. डिफ-ट्री मात्र गप्प बसतं, एकही ओळ नाही, त्याला --रूट असं सांगावं लागतं. आणि तुम्ही जर हॅशपुढे कॅरेटचं चिन्ह (^) लावून "याच्या आधीचा" असं मागितलंत तर सरळ एरर, कारण आधीचा कोणी नाहीच.

तुम्ही म्हणाल पहिला कमिट कोण बघतंय. पण हाच प्रकार दुसऱ्या वेषात रोज भेटतो. गिटहब अॅक्शन्सवर (गिटहबच्या मशीनवर आपोआप कामं चालवायची सोय) कोड चेकआउट केला, म्हणजे उतरवून घेतला, की डिफॉल्टने फक्त शेवटचा एकच कमिट उतरतो, मागचा इतिहास नाही, वेळ वाचावा म्हणून. त्याला शॅलो क्लोन म्हणतात. आता त्या मशीनपुरता तो एकुलता एक कमिट म्हणजेच पहिला कमिट, कारण त्याचा पॅरेंट तिथे आलेलाच नाही. मग तिथे गिट शो चालवलं की प्रोजेक्टमधली प्रत्येक फाइल "नवीन" म्हणून येते, डिफ-ट्री चालवलं की काहीच येत नाही, आणि हेड-कॅरेट मागितलं तर एरर. एकाच प्रश्नाला तीन उत्तरं, तिन्ही निरुपयोगी, आणि तुमच्या लॅपटॉपवर मात्र सगळं नीट चालतंय. उपाय सोपा आहे, चेकआउटच्या सेटिंगमध्ये फेच-डेप्थ २ करायचं, म्हणजे आजच्याबरोबर कालचाही फोटो येतो. किंवा शून्य करायचं, मग सगळा इतिहास येतो.

आता दोन पॅरेंटवाला, म्हणजे मर्ज कमिट, म्हणजेच आमच्या त्या शुक्रवारचा व्हिलन. ब्रँच म्हणजे कामाची वेगळी काढलेली फांदी, मेन ही मुख्य ब्रँच, आणि एक ब्रँच दुसरीत मिसळणं म्हणजे मर्ज.

टाकळीला नंदिनी, जिला आपण सगळे नासर्डी म्हणतो, ती गोदावरीला मिळते. संगमाच्या खाली उभं राहून कोणी विचारलं की इथे काय बदललं, तर काय सांगाल? गोदावरीच्या बाजूने बघितलं तर उत्तर "नासर्डीचं पाणी आलं". नासर्डीच्या बाजूने बघितलं तर "गोदावरीचं आलं". दोन्ही खरं. मर्ज कमिटला गिट कोणाच्या बाजूने बोलणार?

गिट शो इथे तिसरीच वाट धरतं. ते म्हणतं, जी फाइल दोन्ही पॅरेंटपेक्षा वेगळी आहे तेवढीच मी दाखवणार. एखादी फाइल फक्त ब्रँचमध्ये बदलली असेल तर मर्जनंतर ती ब्रँचमधल्यासारखीच असते, म्हणजे एका पॅरेंटशी तंतोतंत जुळते, म्हणून गिट ती दाखवत नाही. दाखवतं फक्त अशी फाइल जिथे दोन्हीकडून हात लागलाय. यामागे विचार आहे, मर्ज तपासणाऱ्या माणसाला तेच बघायचं असतं की दोघांनी छेडलेल्या फायलींचं मिश्रण नीट झालंय ना. पण तुम्हाला एफटीपीने चढवायची यादी पाहिजे असेल तर हे उत्तर म्हणजे घात. आमच्या पोराने मर्जनंतर लगेच गिट शो --नेम-ओन्ली हेड मारलं, ब्रँचमुळे मेनवर चौदा फायली बदलल्या होत्या, त्यातल्या दोन मेनवरही कोणीतरी छेडल्या होत्या, त्या दोनच दिसल्या. लेबलचं टेम्पलेट उरलेल्या बारात होतं.

आणि तसा तो नशीबवानच म्हणायचा. त्या दोनही नसत्या तर यादी पूर्ण रिकामी आली असती आणि त्याने काहीच चढवलं नसतं. डिफ-ट्री तर मर्जला काही वेगळं सांगितलं नाही तर रिकामंच येतं, त्याला छोटा एम द्यावा लागतो, मग ते प्रत्येक पॅरेंटशी वेगवेगळी तुलना करून दाखवतं.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे गिटला अंदाज करायलाच लावू नका, दोन्ही फोटो तुम्हीच हातात द्या:

गिट डिफ --नेम-स्टेटस <हॅश>^१ <हॅश>

कॅरेट एक म्हणजे पहिला पॅरेंट, म्हणजे तुम्ही ज्या ब्रँचवर उभे राहून मर्ज केलंत ती. मेनवर उभं राहून फीचर मर्ज केलं असेल तर पहिला पॅरेंट मेनचा, आणि मिळणारी यादी म्हणजे "या मर्जमुळे मेनवर काय काय आलं". शंभरातल्या नव्वद वेळा आपल्याला हेच हवं असतं.

विंडोजवाल्यांनी इथे जरा थांबा. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॅरेट हे खास चिन्ह आहे, तो ते स्वतःच गिळून टाकतो आणि गिटपर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे तुम्ही (एक न लिहिता नुसतं) हॅश-कॅरेट आणि हॅश यांची तुलना मागता आणि गिटला ऐकू येतं हॅश आणि हॅश. स्वतःची स्वतःशी तुलना, यादी रिकामी, एररही नाही. कॅरेटच्या जागी ~१ लिहा, ते सुखरूप पोचतं, आणि तो पहिलाच पॅरेंट असतो.

रिनेमची गोष्ट. समजा रामकुंडावरच्या फोटोत काल भेळेची गाडी डाव्या कोपऱ्यात होती आणि आज उजव्या. ती हलली हे फोटो सांगत नाही. फोटो म्हणतो डावीकडची एक गाडी गेली, उजवीकडे एक आली. तुम्ही तिचा बोर्ड, रंग, छत्री बघून म्हणता की अरे ही तर तीच. गिट असंच करतं. फाइलचं नाव बदललं ही नोंद ते कुठेही ठेवत नाही, गिट एमव्ही वापरून बदललं तरी नाही. यादी काढताना एक गेलेली आणि एक आलेली फाइल दिसली आणि मजकूर निदान ५० टक्के जुळला तर ते रिनेम समजतं आणि आर१०० किंवा आर०८७ असं लिहितं, आकडा म्हणजे किती टक्के साम्य. म्हणून फाइल हलवून त्याच कमिटमध्ये अर्ध्याहून जास्त पुन्हा लिहून काढली तर गिट तिला ओळखत नाही, एक डी आणि एक ए दाखवतं. त्याची चूक नाही, गाडीचा बोर्ड, रंग, छत्री सगळंच बदललं तर तुम्ही तरी ओळखाल का.

हे ओळखायचं काम शो आणि डिफ आपणहून करतात, २०१६ मधल्या २.९ व्हर्जनपासून. डिफ-ट्री करत नाही, त्याला मोठा एम द्यावा लागतो. आणि आता तो एका अक्षराचा फरक. नेम-ओन्ली वापरलं आणि फाइल रिनेम झालेली असेल तर यादीत फक्त *नवं* नाव येतं, जुन्या नावाचा उल्लेखसुद्धा नाही. नेम-स्टेटसमध्ये दोन्ही नावं येतात. एफटीपीवाल्यांसाठी हा फरक म्हणजे सर्व्हरवर जुनी फाइल तशीच पडून राहणार की उडवली जाणार, एवढा मोठा आहे.

उडवलेल्या फायलींवरून आठवलं. यादी काढून तीच पुढे लिंटरला (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलला) किंवा झिप करायला द्यायची असेल तर त्यात डीवाल्या फायली नकोत, त्या डिस्कवर नसतातच, टूल बोंबलतं. त्यासाठी --डिफ-फिल्टर=डी, यातला डी छोटा. छोटा म्हणजे "हे सोडून बाकी", मोठा म्हणजे "फक्त हेच". एक शिफ्टचं बटण चुकलं की नेमक्या उलट्या फायली मिळतात, सांभाळून.

आता आपल्या लोकांचा खास त्रास, मराठी नावाच्या फायली. आमच्या एका क्लायंटकडे हिशोब नावाचा फोल्डर होता, देवनागरीत. यादी काढली की त्या जागी अवतरण चिन्हात \३४०\२४४\२७१\३४०\२४४\२७७ असली आगगाडी. पोरांना वाटलं रेपो करप्ट झाला. काही करप्ट नाही, गिट डिफॉल्टने इंग्रजीबाहेरची अक्षरं बाइटच्या आकड्यांत, ऑक्टलमध्ये छापतं, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. हिशोब म्हणजे ह, वेलांटी, श, ओकार, ब, पाच चिन्हं, पंधरा आकडे. एकदाच हे करून टाका:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

आणि मराठी मराठीसारखं दिसायला लागेल. स्क्रिप्टमध्ये असाल तर त्याहून पक्का इलाज म्हणजे छोटा झेड, त्याने नावं जशीच्या तशी येतात आणि दोन नावांच्या मधे नवी ओळ नाही तर शून्य बाइट येतो, म्हणजे "नवीन फोल्डर" मधल्यासारखी स्पेस असली तरी नाव मधेच तुटत नाही.

कधीकधी यादीत एम दिसतो आणि उघडून बघितलं तर आत एक अक्षर बदललेलं नाही. दोन संशयित. एक, फाइलची परवानगी बदलली, चालवता येण्याजोगी केली किंवा काढली, गिट तेही फोटोत टिपतं. दोन, विंडोज आणि लिनक्सच्या ओळ संपवायच्या चिन्हांचा घोळ, कोणाच्या तरी एडिटरने अख्ख्या फाइलची चिन्हं बदलली, मग स्टॅटमध्ये अठराशे ओळी गेल्या, अठराशे आल्या. डोळ्याला फरक शून्य. आणि उलटंही होतं, तुम्ही रिकामा फोल्डर केलात तो यादीत येतच नाही, कारण गिट फोल्डर असे ठेवतच नाही, आत निदान एक फाइल लागते. लोक त्यासाठी .गिटकीप नावाची रिकामी फाइल टाकून ठेवतात, ती काही गिटची सोय नाही, लोकांनी काढलेली पळवाट आहे.

सबव्हर्जन हे याच कामाचं जुनं टूल वापरणाऱ्यांना यातलं बरंच अनोळखी वाटेल. तिथे एसव्हीएन लॉग -व्ही मारलं की प्रत्येक रिव्हिजनखाली बदललेल्या पाथची यादी येते, रिव्हिजनला साधा चढता नंबर असतो आणि त्याच्या आधीचा एकच, भानगड नाही. मर्क्युरियल या तशाच आणखी एका टूलमध्ये एचजी स्टेटस --चेंज आणि नंबर. ज्यांच्याकडे अजून तेच चालू आहे त्यांचा मला कधीकधी हेवा वाटतो, पण फार वेळ नाही.

आता त्या रात्रीकडे. मर्जचं कोडं मला दहा मिनिटांत सुटलं, कॅरेट एक लावून चौदा फायलींची यादीही आली. ती तशीच चढवणार होतो, आणि हात थांबला. कारण मला "या मर्जमध्ये काय बदललं" हे पाहिजेच नव्हतं. मला पाहिजे होतं, सर्व्हरवर आत्ता जे आहे त्याच्या तुलनेत काय बदललंय. मागच्या अपडेटनंतर मेनवर सरळ केलेले दोन छोटे कमिट मधे होते, ते सर्व्हरवर गेलेत की नाही कोणालाच आठवत नव्हतं. शेवटी एफटीपीवरच्या फायलींच्या तारखा बघून, मागच्या वेळी कुठला कमिट चढवला होता ते ताडलं, आणि त्या कमिटपासून हेडपर्यंत गिट डिफ --नेम-स्टेटस काढलं. सतरा नावं आली. सतराही चढवली, पावणेअकराला पॅकहाउसवाल्यांनी लेबलचा फोटो पाठवला, सगळे कोड जागेवर. अंगठा दाखवून झोपलो.

तेव्हापासून अपडेट चढवलं की आम्ही त्या कमिटला "चढवलं" अशा अर्थाचा एक टॅग लावतो, तारखेसकट, आणि पुढच्या वेळी यादी काढायची ती त्या टॅगपासून. पोरानेच नंतर छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती डीवाल्या सोडून बाकीच्या फायली गिट आर्काइव्हने झिप करते आणि डीवाल्या किंवा आरमधल्या जुन्या नावांची वेगळी यादी छापते, "दादा, या सर्व्हरवरून उडवा" म्हणून.

ती दुसरी यादी त्याने उगाच नाही घातली. एप्रिलमध्ये, सीझन संपता संपता, पॅकहाउसच्या एका माणसाने सांगितलं की त्याच्या कॉम्प्युटरवर लेबल जुन्याच डिझाइनचं निघतंय, इतरांचं नवीन. त्याने पानाचा पत्ता बुकमार्क करून ठेवलेला. त्या सतरा नावांत एक आर होता, नवं नाव चढलं होतं, जुन्या नावाची फाइल दोन महिने सर्व्हरवर सुखाने लेबलं छापत बसली होती, आणि त्या रात्री नेम-स्टेटसच्या यादीत तिचं नाव माझ्या डोळ्यांसमोरच होतं.